सहमतीचे दालन

नागिशिमा बेटावर माणसे एक्केचाळीस होती आणि कलाकृती दोनशे सहा. माहितीपत्रकाने हे प्रमाण पहिल्याच ओळीत अभिमानाने दिले होते. मासेमारी संपली, शाळा बंद पडली, तरुण शहरांकडे गेले. मग रिकाम्या घरांत आरसे, काचा, धुके आणि अंधार नेमका मांडून ठेवण्यात आला, आणि तो पाहायला जगभरातून माणसे येऊ लागली. गाव पुरते मेल्याखेरीज ते कलेच्या उपयोगी पडत नाही, असा निष्कर्ष ऋजुता देवस्थळीने मनातल्या मनात काढला. एरवी असा एखादा निष्कर्ष काढला की तिला थोडे बरे वाटत असे. आज वाटले नाही. ताकामात्सूहून सुटलेल्या बोटीच्या कठड्याशी ती उभी होती, आणि समुद्र तळ्यासारखा संथ होता.

तिच्याबरोबर दोघे होते. प्रसन्न हर्डीकर एका विद्यापीठाचा कुलगुरू होता. कोणतीही समिती तीन बैठकांत एकमतावर आणून दाखवणारा माणूस अशी त्याची ख्याती होती, आणि त्या एकमताखाली कायकाय गाडले गेले हे विचारण्याची पद्धत विद्यापीठांत नसते. सुनेत्रा वाघचौरे प्राचार्य होती. ती बाकावर डोळे मिटून बसली होती. गेली अनेक वर्षे तिला गोळीवाचून झोप येत नसे. ऋजुता पुण्यातल्या एका जुन्या संशोधन-संस्थेत पाठचिकित्सा करत असे. म्हणजे एकाच ग्रंथाच्या वीसतीस हस्तलिखित प्रती शेजारी ठेवायच्या, ओळीओळीतले फरक नोंदवायचे आणि नकलाकारांच्या हातून शिरलेली भर काढून टाकत मूळ शब्दापर्यंत पोचायचे. तिघांनी ही विद्या एकाच वर्गात घेतली होती. त्या वर्गात चौथी होती संघमित्रा सोनवणे, दौंडच्या रेल्वे गँगमनची मुलगी. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतली पोथी ती वर्तमानपत्रासारखी वाचत असे. चौघांत ती सर्वांत हुशार होती, आणि हे चौघांनाही माहीत होते; पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ बहुधा तिथेच होते.

२००६ सालच्या नोव्हेंबरात, एका मठातल्या पोथ्यांची पाहणी करायला हे चौघे कोकणात गेले असताना, संघमित्रा समुद्रात बुडाली.

तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला तिघे एकत्र येत आणि त्या दुपारची उजळणी करत. पद्धत वर्गातलीच होती: एकाने मजकूर वाचायचा, बाकीच्यांनी आपापली प्रत पुढे ठेवून फरक दिसेल तिथे थांबवायचे. प्रसन्न सांगे, सुनेत्रा मध्येच एखादा तपशील सुधारी, ऋजुता चहा ओती. तेहतीस वर्षांत हा मजकूर घासून गुळगुळीत झाला होता. दुपारची वेळ, तिघे वाळूत शिंपले वेचत होते, संघमित्रा न सांगता खडकापलीकडे पाण्यात उतरली, लाटांचा आवाज मोठा होता, कुणाला काही ऐकू आले नाही. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबातही हेच होते आणि त्याखाली तिघांच्या सह्या होत्या.

ऋजुताची प्रत वेगळी होती. ती तिने कधी कुणापुढे उघडली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी संघमित्राच्या आईचा, गयाबाईंचा, फोन आला होता. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. त्यांनी इकडचेतिकडचे काही बोलणे केले नाही. मला आता फार दिवस नाहीत, म्हणाल्या, एकच विचारायचे आहे, माझ्या पोरीने हाक मारली होती का? ऋजुताने सांगितले होते की जपानहून परतले की घरी येते आणि समोर बसून सांगते. अशा गोष्टी फोनवर बोलू नयेत, असे तिने स्वतःला पटवले होते. भित्र्या माणसाला शिष्टाचार वेळेवर सुचतो. तरी तिने ठरवले मात्र होते. परतीचे तिकीट सोळा तारखेचे, दौंड सतरा. हाक मारली होती, आणि मी ऐकली होती, एवढे सांगायचे. म्हातारीने मरण्याआधी ते ऐकावे आणि मग हवा तो शाप द्यावा.

बोट धक्क्याला लागली.

प्रसन्नने दाखवायला आणलेली कलाकृती टेकडीच्या पोटात होती. तिचे नाव ‘एकच समुद्र’. वाटेवर संत्र्यांच्या बागांच्या उजाड पायऱ्या, कुलूपबंद घरे, आणि प्रत्येक वळणावर दंडाला हिरवी पट्टी बांधलेला एखादा वृद्ध, हसून वाकणारा. दालनाच्या दाराशी असे एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे नाव तानाबे. ते पूर्वी बेटाच्या शाळेत विज्ञान शिकवत. शाळा गेली, ते राहिले. कानातल्या अनुवादकातून त्यांचे जपानी ऋजुताला पुस्तकी, थोडे सरकारी मराठी होऊन ऐकू येत होते.

त्यांनी समजावले ते असे. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. ती आठवली की मऊ होते, आणि पुन्हा घट्ट व्हायला सुमारे सहा तास लागतात. तेवढ्या वेळात मेंदूच्या पेशींना त्यासाठी नवी प्रथिने घडवावी लागतात. म्हणजे माणूस आठवतो तेव्हा मूळ वाचत नाही, दरवेळी नवी नक्कल करतो. दालनातल्या आसनांत मेंदूचे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र वाचणारे संवेदक आहेत. समान अनुभव असलेली माणसे एकत्र बसून तो सांगू लागली की कुणाच्या डोक्यात कोणते चित्र उमटते आहे, ते एकमेकांशी जुळते की नाही, हे यंत्राला कळते. जिथे जुळते तिथे ते कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा बारीक झोत मेंदूतल्या स्मरणाच्या जागेवर टाकते, आणि ती नक्कल लवकर व पक्की बसते. जिथे एकट्याचेच चित्र वेगळे, तिथे झोत पडत नाही.

“म्हणजे वेगळे असेल ते पुसले जाते,” ऋजुता म्हणाली.

तानाबेंनी नकारार्थी मान हलवली. यंत्र काहीही पुसत नाही, हे पत्रकात ठळक छापले होते, आणि ते खरे होते. शेजारच्या रोपांना रोज पाणी घालायचे आणि एकाला घालायचे नाही. ते रोप कुणी उपटले असे म्हणता येत नाही.

हे तंत्र दुर्घटनेतून वाचलेल्या कुटुंबांसाठी निघाले होते. रुग्णालयात ते वापरायचे तर तीन समित्यांची परवानगी, दोन मानसतज्ज्ञांची उपस्थिती आणि जाडजूड संमतिपत्र लागे. कलादालनात बूट काढून ठेवावे लागत. कलेवर निर्बंध घालणे असंस्कृतपणाचे आहे, यावर सगळ्या सुसंस्कृत देशांचे एकमत होते.

आत किमान तिघांनी बसावे लागे. दोघांत बहुमत होत नाही. ऋजुता दाराशीच थांबली.  सुनेत्राने तिचा हात धरला. 

“ऋजू, मी रोज रात्री तो किनारा पाहते गं. तेहतीस वर्षं. तू काही बोलू नकोस, नुसती बस माझ्याशेजारी.”

“तिला नसेल जमत तर राहू दे,” प्रसन्न शांतपणे म्हणाला. “पण का जमत नाही, हे तिनं सांगावं. आपल्यात लपवालपवी कधी नव्हती.”

नकार द्यायचा तर कारण सांगायला हवे होते, आणि कारण सांगणे म्हणजे आपली प्रत उघडणे. तिने हिशेब केला. बोलायचे प्रसन्नने, मुकाट बसायची सवय आपल्याला तेहतीस वर्षांची आहे. जे आपण उच्चारणारच नाही ते यंत्राच्या हाती कसे लागेल? विद्वान माणसाचा स्वतःच्या मौनावर फार विश्वास असतो. तिने बूट काढले, दाराशी ठेवलेल्या सपाता घातल्या आणि आत गेली.

आत गोल, करड्या सिमेंटची खोली होती, छताला एक भोक, त्यातून उजेडाचा खांब उतरलेला. आज मांडलेली तीन आसने. डोके टेकताच मागचा आधार कोमट लागला, जणू आताच कुणीतरी उठून गेले होते. प्रसन्न सांगू लागला.

त्याचा आवाज उत्तम होता. दुपारचे तीन वाजले होते, तो म्हणाला. तीन नव्हे, साडेतीन, ऋजुताच्या मनाने नोंद केली. आपण शिंपले वेचत होतो. नाही. आपण बसलो होतो, आणि तू संघमित्राची नक्कल करत होतास. परिसंवादात तिने निबंध वाचला तो तू तिच्या दौंडच्या उच्चारांसकट वाचून दाखवत होतास, आणि सुनेत्रा पोट धरून हसत होती, आणि मीही. प्रसन्न पुढे गेला: ती आपल्याला न सांगता पाण्यात गेली. सांगून गेली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघते आहे, घोट्यापर्यंत जाऊन येते, म्हणाली. लाटांचा आवाज मोठा होता. ओहोटी होती, समुद्र शांत होता. कुणाला काही ऐकू आले नाही.

ऋजू, अशी हाक आली होती. एकदा, मग पुन्हा. प्रसन्न म्हणाला होता, बघा, आता नाटक सुरू. ऋजुता उठणार होती. तिला नक्की आठवत होते, तळवे वाळूत रोवून तिने उठायची तयारी केली होती. पण तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होते, ते आवरत नव्हते, आणि असा हसरा चेहरा घेऊन संघमित्रापुढे गेले तर तिला कळेल की आपण कशावर हसत होतो. म्हणून हसू ओसरेपर्यंत ती थांबली. एवढेच. एका माणसाच्या मरणाला एवढे कारण पुरले. चार लाटा आल्या आणि गेल्या, आणि मग तिने पाहिले तेव्हा पाण्यावर काही नव्हते.

ओठ घट्ट मिटून तिने सारे फरक नोंदवले. एकही सुटला नाही. इतक्या काटेकोरपणे ही दुपार तिने आजवर कधी मनात वाचली नव्हती. उजळणीच्या दिवशी चहाच्या निमित्ताने ती उठून जात असे. इथे उठून जायला जागा नव्हती, आणि समोर चुकीचा पाठ वाचला जात असताना मनातल्या मनात दुरुस्ती न करणे तिला, तीस वर्षांच्या व्यवसायानंतर, श्वास रोखून धरण्याइतकेच अशक्य होते.

तिघे बाहेर आले तेव्हा अकरा वाजायला आले होते.

शाळेच्या जुन्या जेवणघरात आता नूडल्स मिळत. सुनेत्राने वाडगा पुसून संपवला आणि आणखी एक मागवला. तिच्या चेहऱ्यावरून दहा वर्षे उतरल्यासारखी वाटत होती. ती बोलत होती, थांबत नव्हती. मुलीविषयी, पुढच्या वर्षीच्या सहलीविषयी. मग तितक्याच हलक्या आवाजात तिने सांगितले की गयाबाईंचा फोन दोन महिन्यांपूर्वीच तिलाही आला होता, आणि प्रसन्नलाही.

“मी इतकी घाबरले होते तो प्रश्न ऐकून! प्रसन्नला म्हटलं, आता काय सांगायचं? तो म्हणाला, थांब, आपण तिघं आधी एकदा एकत्र बसू. म्हणून तर त्यानं ही सहल काढली.” ती हसली. “आता वाटतं, घाबरले कशाला होते? हाक मारली असती तर आपण ऐकली नसती का? शिंपलेच तर वेचत होतो.”

ऋजुताने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. तिने त्या दुपारचा किनारा डोळ्यांपुढे आणला. वाळू होती. साडेतीनचे ऊन होते. आणि तिच्या स्वतःच्या ओंजळीत, ओले, गार, कडांना धार असलेले शिंपले होते.

ते तिथे नव्हते. ते कधीच नव्हते. तिने ओंजळ उलटी केली. मनातली ओंजळ, मनातल्या वाळूवर. शिंपले पडले, आणि पडल्याचा आवाज आला.

ती कुणाला काही न सांगता उठली आणि जवळजवळ धावत टेकडी चढली. तानाबे डबा उघडून बसले होते. धाप लागलेल्या बाईला पाहून त्यांनी आपली खुर्ची दिली. तिने विचारले ते तुटक होते, अनुवादकालाही दोनदा विचारावे लागले. मी एक शब्द बोलले नाही. मग माझ्या आठवणीला धक्का कसा लागला?

त्यांनी शाळेतल्या मुलाला सांगावे तसे, न रागावता सांगितले. यंत्र बोलणे ऐकतच नाही. त्याला कान नाहीत. बोलणे हे फक्त सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट आठवावी म्हणून. दार उघडते ते आठवण्याने. जो आत बसून दुसरेच काहीतरी, स्वयंपाक किंवा भाड्याचा विचार करतो, त्याला काही होत नाही, आणि असे पुष्कळ असतात. जो मनापासून, बारकाईने आठवतो, त्याची आठवण सर्वांत जास्त मऊ होते. मग तुमचे चित्र एकटे, त्या दोघांचे जुळलेले. दोघांची नक्कल पक्की होते. एकट्याची तशीच उघड्यावर राहते, आणि सैल जागेत शेजारचे चित्र शिरते.

ऋजुताला कळले की आपण काय केले. बाकीच्या दोघांनी गोष्ट सांगितली होती. आठवण काढली होती ती एकट्या तिने, ओळीओळीने, फरकाफरकाने. आपल्या हाताने तिने ती प्रत उलगडून उजेडाच्या त्या खांबाखाली पसरून ठेवली होती.

“थांबवता येईल का?”

तानाबेंनी घड्याळ पाहिले. पाच वाजेपर्यंत सारे घट्ट होईल, ते म्हणाले. तोवर ती गोष्ट जितकी कमी आठवाल तितके बरे. प्रत्येक वेळी काढली की आणखी मऊ. मग, काहीतरी दिलासा द्यावा म्हणून असेल, त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. पहिल्या वर्षी बेटावरचे सगळे एक्केचाळीस जण आत बसले. पूर्वी इथे बांधावरून, जाळ्यांवरून पिढ्यान् पिढ्यांची भांडणे होती. आता एकही नाही. त्यांचे स्वतःचे सख्ख्या भावाशी होते.

“कशावरून, ते आता मला आठवत नाही. त्यालाही नाही.” त्यांनी डब्याचे झाकण लावले. “पण आम्ही अजून एकमेकांशी बोलत नाही. का बोलत नाही, हे दोघांनाही कळत नाही. पूर्वी राग होता. आता समोर आला की मला त्याची भीती वाटते.”

ती टेकडी उतरू लागली. आठवायचे नाही, एवढेच करायचे होते, आणि जगात याहून अवघड काही नाही. ती पायऱ्या मोजू लागली, कुंपणाचे खांब मोजू लागली. मोजता मोजता तिला एक सुचले. कागद. पण कागदावर सारे उतरवायचे तर सारे आठवावे लागणार. म्हणून तिने टिपणवही काढली, डोळे किलकिले करून, कढत भांड्याला बोट लावावे तसा त्या दुपारला एकदाच स्पर्श केला आणि दोन शब्द लिहिले: ‘हाक. ऋजू.’ खाली वेळ घातली, एक वाजून वीस मिनिटे. बाकीचे तिने तसेच राहू दिले. बाकीचे आपण कसे विसरू, असे तिला वाटले.

प्रसन्न धक्क्यावरच्या कठड्यावर पाय सोडून संत्रे सोलत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तेहतीस वर्षांत प्रथमच तिचा आवाज त्याच्यावर चढला. तिने सांगितले की त्याने हे मुद्दाम घडवून आणले आहे, म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे टळावे म्हणून तिघांच्या डोक्यातला पुरावा त्याने नष्ट केला आहे, आणि संघमित्राने हाक मारली तेव्हा आता नाटक सुरू, असे म्हणणारा तोच होता.

तो संत्र्याची फोड हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. तिने त्याच्या डोळ्यांत लबाडी शोधली. ती लबाडी तिच्या परिचयाची होती. परिषदांत, निवडसमित्यांत तिने ती कैकदा पाहिली होती. ती दिसली असती तर तिला धीर आला असता. ती नव्हती. सकाळी बोटीवर असणारा लबाड प्रसन्न कुठे गेला होता कोण जाणे. हा माणूस निरपराध होता, आणि त्याला तिची मनापासून काळजी वाटत होती.

“ऋजू, तू बस बघू आधी,” तो म्हणाला. “अगं, मी असं कसं म्हणेन? तुला स्वतःला दोष द्यायची सवयच लागली आहे. चल, आपण पुन्हा एकदा शांतपणे आठवू. अगदी पहिल्यापासून. मी सांगतो, तू डोळे मीट.”

त्याने तिच्यासाठी कठड्यावरची जागा हाताने झटकली. ती दोन पावले मागे सरली. आयुष्यात कुणाला ती इतकी घाबरली नव्हती. खोटे बोलणाऱ्याशी भांडता येते. ज्याने आपले खोटे प्रामाणिकपणे विसरून टाकले आहे त्याच्याशी काय करायचे? ती वळली आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या जाळ्यांच्या ढिगामागे जाऊन उभी राहिली.

तीन वाजायला दहा मिनिटे होती. दौंडला तेव्हा सकाळचे अकरा वीस. सतरा तारखेपर्यंत थांबायचे म्हणजे कोण जाणार होते दौंडला? तिच्या पासपोर्टवरची बाई जाईल, गयाबाईंपुढे बसेल आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगेल की नाही हो मावशी, हाक नव्हती.

तिने वही उघडली. ‘हाक. ऋजू.’ अक्षर तिचेच होते. पण आतून काही उठले नाही. किनारा होता, समुद्र संथ होता, शिंपले होते, आवाज नव्हता. तिच्या डोक्यात दोन पाठ होते खरे, एक डोळ्यांना दिसणारा आणि दुसरा केवळ कागदावर, तोही दालनातून बाहेर पडल्यावर अडीच तासांनी लिहिलेला. असा उशिराचा कागद तिने कुणा विद्यार्थ्याकडून पुरावा म्हणून स्वीकारला नसता. तिला एक क्षण खरोखर वाटले की प्रसन्न म्हणतो तेच खरे असेल. आपण तेहतीस वर्षे एक हाक रचून तिच्यात राहत होतो.

मग तिने तिला येत होते ते केले. दोन पाठ समोर असता कोणता जुना हे कसे ठरवायचे? नकलाकार अवघड जागा सोपी करतो, सोपी अवघड करत नाही. स्वतःच्या सोयीचे तो भरतो. स्वतःच्या गळ्याला फास लागेल असे एक अक्षर तो पदरचे घालत नाही. ज्या पाठात ऋजुता देवस्थळी निर्दोष होती तो कुणीही रचू शकला असता. ज्यात ती दोषी होती तो रचण्याचे कारण कुणालाही नव्हते, तिला तर नव्हतेच. म्हणून दुसरा पाठ खरा. तिने तो स्वीकारला, आठवल्यावाचून, परक्या माणसाविषयीचा निकाल लिहावा तसा. आणि फोन लावला.

गयाबाईंनी तिसऱ्या घंटेला उचलला. पाठीमागे गाडीची शिट्टी ऐकू आली.

“मावशी, मी ऋजुता. परत येईपर्यंत थांबवत नाही. तुम्ही विचारलं होतं ना. हाक मारली होती तिनं.”

गयाबाईंनी लगेच विचारले.

“कुनाला मारली?”

“मला. माझं नाव घेऊन. मी ऐकली होती.”

हे बोलताना तिला रडू येईल असे वाटले होते. ते आले नाही; वहीतली ओळ वाचून दाखवल्यासारखे झाले.  गयाबाईंनी शाप दिला नाही. त्यांचा आवाज आला तेव्हा तो खाली आला होता, आणि त्यात राग नव्हता. इतक्या वर्षांनी अखेर कुणाशी तरी खरे बोलायला मिळाल्यासारखा तो होता.

“बरं झालं सांगितलंस. मला वाटायचंच, ती गप बुडायची न्हाई.” मग त्यांनी विचारले, “मग तू गेली का न्हाईस गं?”

ऋजुताने तोंड उघडले. या प्रश्नाचे उत्तर तेहतीस वर्षे तिच्यापाशी होते. उत्तर लहान होते, एका वाक्यात मावणारे. लाजिरवाणे होते, पण होते, आणि तिच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे कदाचित तेवढेच होते. तिने किनारा पुढे आणला. तळव्यांखाली वाळू होती. आपण उठायला निघालो होतो, एवढे तिला दिसले. तिच्या तळव्यांना ते कळत होते. आणि मग आपण उठलो नव्हतो. त्या दोहोंच्या मध्ये काहीतरी होते. तिथे आता फक्त शिंपले होते, पांढरे, स्वच्छ, एकावर एक, आणि ती ते वेचत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “मला माहीत नाही.”

ते पूर्णपणे खरे होते.

“आसं कसं न्हाई? आठव की,” गयाबाई समजुतीने म्हणाल्या. “घाई न्हाई. सावकाश आठव. मी हाय फोनवर.”